उशिरा कळले, आता सांगावे कोणाला?

या पानावर माझ्यासारख्याने सोयाबीनवरील चक्रीभुंगा, हळदीवरील कंदमाशी नाहीतर तुरीवरील मर रोग यांवर चार शब्द लिहावेत, अशी आपली रास्त अपेक्षा असते. आजवर तेच करीत आलो. आज मात्र पिकाविषयी लिहिणार नाही. माझ्याविषयी, माझ्या नातवाविषयी आणि थोडेसे माझ्या मुलीच्या संसाराविषयी लिहिणार आहे. संपादकांना विनंती करून लेखावर नाव-गाव छापू दिलेले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहे. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. कयाधूच्या काठची, वसमतकडच्या काळ्या रानातली आणि सेनगाव-औंढ्याच्या माळावरची गावे मी आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर पालथी घातली. कोणत्या गावात कोणत्या वर्षी पाऊस कधी उघडला, कोणत्या शिवारात कोणते वाण किती उतरले, हे मला वही न उघडता सांगता येते. लोक कौतुकाने म्हणतात, "साहेबांचं डोकं म्हणजे तलाठ्याचं दप्तर." पण तेच लोक पाठीमागे काय म्हणतात, तेही कानावर येई. साहेब तिरसट आहे. चहाला बसत नाही. बोलताना तोंडाकडे बघत नाही. सोयाबीनचे विचारा, दोन तास बोलेल. लेकराबाळांचे विचारा, दोन शब्द नाहीत.

हे सगळे खरे होते, आणि असे का होते ते माझे मलाच ठाऊक नव्हते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले की त्याचे बोलणे मला समजेनासे होते. म्हणून मी त्याच्या चपलांकडे पाहतो आणि नीट ऐकतो. मेळाव्यात कर्णा लागला की पोटात ढवळते. हिंगोलीचा दसरा सगळ्या मराठवाड्यात गाजलेला. मुले लहान असताना त्यांच्या हट्टापायी एकदा त्या गर्दीत गेलो, आणि अर्ध्या तासात मैदानाबाहेरच्या एका झाडाखाली जाऊन बसलो. मुले रडत होती, मंडळी रागावली होती आणि मला तोंडातून शब्द काढता येत नव्हता. टेरिकॉट अंगाला टोचते म्हणून वर्षानुवर्षे एकाच तऱ्हेचा सुती सदरा. जेवणात रोज दीड भाकरी आणि वरण. पाहुण्यांकडे पुरणाची पोळी वाढली तरी मी भाकरी मागतो आणि यजमानीणबाई रुसतात. अकराची बैठक ऐन वेळी बारावर गेली की इतरांना चहाला वेळ मिळतो. मला मात्र त्या दिवशी पुढे काही सुचत नाही.

यातले एकेक पाहिले तर कोणालाही हसू येईल. पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. वडील वारले त्या दिवशी मी रडलो नाही. सरणासाठी आणलेल्या लाकडांत काही ओली निघाली. मी ओली एकीकडे, कोरडी एकीकडे अशी रचीत बसलो. तेवढे काम मला समजत होते, दुसरे काहीच समजत नव्हते. भावकीने ते पाहिले. "बाप गेला आणि हा लाकडं निवडतोय. दगड आहे दगड," हे मी चुलत्याच्या तोंडून ऐकले. वडील मला किती हवे होते, हे कोणाला कसे सांगतात तेच मला येत नव्हते. या गोष्टीला अठरा वर्षे झाली. त्या चुलत्यांशी माझे बोलणे त्यानंतर कामापुरतेच राहिले.

नातवाच्या निमित्ताने

माझ्या मुलीचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर वळून पाहीना. खेळण्यातली मोटार उलटी करून तिचे एकच चाक घटका घटका फिरवी. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून किंचाळे. तिच्या सासरी आधी देवऋषी झाला, मग दंडाला ताईत आला आणि शेवटी "मोबाइल दाखवून पोरगं बिघडवलं" असा ठपका माझ्या मुलीवर आला. मी आपला धीर देत होतो, "बोलेल हो, मीसुद्धा उशिराच बोललो." कान तपासून घेतले, ऐकू चांगले येत होते. तेव्हा मुलगी, जावई, आम्ही दोघे असे सगळे त्याला घेऊन पुण्याला गेलो.

डॉक्टरीणबाई एकेक प्रश्न विचारू लागल्या. वस्तू ओळीने लावतो का? ठरलेल्यात बदल झाला तर अस्वस्थ होतो का? डोळ्याला डोळा देतो का? काही आवाज, काही कपडे नकोसे होतात का? आमची मंडळी आधी पदराआड आणि मग उघडच हसू लागली. म्हणाली, "बाई, हे तुम्ही बाळाचं विचारताय की यांचं?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. कागदावरून मान वर करून मला म्हणाल्या, "तुम्हालाही कधी तपासून घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या."

नातवाला ऑटिझम असल्याचे निदान झाले. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला पुरता पटलेला नाही. स्वतःत मग्न असणारा माणूस निराळा. मी मग्न असतो तो सोयाबीनच्या उगवणीत, आणि नातू चाकाच्या फिरण्यात. असो, शब्द रूढ आहे तर आपणही तोच वापरू.

बाईंच्या त्या बोलण्यावर मी आठ महिने काढले. मग जवळच्याच एका शहरात एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी पाचच मिनिटे दिली. "नोकरी आहे, लग्न झालं, नातू झाला, आता पन्नाशी उलटल्यावर हे नाव लावून काय करायचंय?" तो प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, रात्री मीही स्वतःला तोच विचारीत होतो. पण मला उत्तर हवे होते, आणि ते मिळाले नाही. पुन्हा पुण्याची वाट धरली. तिथे एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन बैठकांत तपासणी केली. याला रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरण नाही. माणसाशी बोलून, त्याला पाहून आणि त्याचे लहानपण जाणून घेऊनच ठरवावे लागते. लहानपण सांगणारे माणूस हवे म्हणाल्या. माझी आई एकोणऐंशी वर्षांची. तिला एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून फोन लावून दिला.

आई सांगू लागली. "हा अंगणात तुरीच्या शेंगा ओळीनं लावायचा. कोंबडीनं एक शेंग हलवली तर दिवे लागेस्तोवर रडायचा. साडेतीन वर्षं बोलला न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात हीर आटत चालली होती. तवा एकाएकी म्हनला, 'माय, मोट तिसऱ्यांदा रिकामी आली.' हेच त्याचं पैलं बोलणं." बाई लिहून घेत होत्या. मग आई थांबली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बाई, माझं काही चुकलं होतं का हो? सासू म्हनायची, तू लेकराला मांडीवर घेत न्हाईस म्हनून असं झालं. पण ह्योच येत नव्हता मांडीवर."

पन्नास वर्षे ही गोष्ट तिने कोणाजवळ काढली नव्हती. बाई म्हणाल्या, "नाही आजी. तुमचं काहीसुद्धा चुकलं नाही." त्यावर फोनमधून बराच वेळ काही आवाज आला नाही. पंचावन्नाव्या वर्षी या निदानाने काय मिळाले, असे कोणी विचारले तर मी आधी हे सांगेन.

आणि हा दोष देण्याचा प्रकार आपल्या खेड्यांतच होता असे समजू नका. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठमोठे डॉक्टर आयांच्या कोरडेपणामुळे मूल असे होते असे छातीठोक सांगत. बर्नार्ड रिमलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली पुस्तक लिहून तो समज खोडून काढला. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आज हे पक्के माहीत आहे की स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मोबाइलने ती येत नाही, करणीने येत नाही, लाडाने वा माराने येत नाही. तो आजार नसल्यामुळे तो बरा करणारी गोळीही नाही. पण लहानपणी बोलण्याचे, खेळण्याचे शिक्षण नीट मिळाले तर मुलाला पुष्कळ फायदा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. अडीच हजार वस्तीच्या गावाला हा हिशेब लावला तर वीसच्या आसपास माणसे होतात. सगळी सारखी नव्हेत. रिमझिमही पाऊसच आणि ढगफुटीही पाऊसच. कोणी जन्मभर बोलत नाही, त्याला जेवू-न्हाऊ घालावे लागते, आणि त्याच्या आईबापांना "आमच्यामागे याचे कोण?" या विचाराने झोप नसते. कोणी माझ्यासारखा नोकरी करतो आणि तिरसट म्हणवून घेतो. माझा त्रास त्या आईबापांच्या तुलनेने काहीच नाही, हे मला समजते. मुलींच्या बाबतीत तर हे पुष्कळदा ध्यानातच येत नाही. "लाजाळू आहे, घुमी आहे" म्हणून सोडून देतात.

आपल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे, ते आपण ऐकलेच असेल. केंद्र सरकारने २०२३ साली तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अणूच्या गाभ्याहून बारीक हालचाल टिपायची. एवढ्या नाजूक यंत्राला गाड्यांची, कारखान्यांची धडधड चालत नाही, म्हणून देशभर शांत जागा शोधीत शास्त्रज्ञ इकडे आले. हे वाचले तेव्हा मला दसऱ्याच्या मैदानाबाहेरचे ते झाड आठवले.

मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

निदानानंतर मी यावर मिळेल ते वाचू लागलो. (मंडळी म्हणाली, "सोयाबीन सुटलं, आता हे धरलं.") त्यात एक हकीकत अशी निघाली की ती शेतकऱ्यांनी ऐकावीच.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा मुलगा जन्मला. घर खातेपिते; वडील वकील, आईच्या माहेरची बँक. पण मूल आईकडे पाहून हसेना, ताटल्या भोवऱ्यासारख्या फिरवी, आकड्यांत रमे. तेव्हाच्या रीतीप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवले. आईबापांना ते सोसले नाही. वर्षभराने परत आणले आणि १९३८ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांकडे नेले. त्याआधी वडिलांनी मुलाविषयी ३३ पानांचे पत्र लिहून पाठवले होते. कॅनर यांनी १९४३ साली अशा अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा हा डोनाल्ड. आज जगभर ऑटिझम म्हणून जे निदान होते, त्याचा पाया त्या निबंधाने घातला.

मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. १९४२ च्या सुमारास आईबापांनी त्याला गावाबाहेरच्या एका गरीब, निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. ती माणसे फार शिकलेली नव्हती. पण मुलगा सारखा मोजमाप करतो हे त्यांनी पाहिले आणि त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजतो हे पाहून म्हणाली, मोज, पण नांगर धरून मोज. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी, तर त्यासाठी एक कोपरा दिला आणि प्रत्येकाला खूण लावायला शिकवले. १९४५ साली कॅनर स्वतः तिथे गेले, तेव्हा तो पोर घोडा आणि नांगर व्यवस्थित हाकीत होता, कोपऱ्याला घोडा वळवीत होता. कॅनर यांनी पुढे १९७१ साली हे सगळे लिहून ठेवले. मी हे वाचून रात्री दोनपर्यंत जागा होतो. विस्तार कार्याची माझी सगळी नोकरी झाली, पण आहे त्या जमिनीला साजेसे पीक घ्यावे, हे त्या जोडप्याने माणसाच्या बाबतीत जसे केले तसे मला कधी सुचले नव्हते.

डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत कारकुनी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, परदेश एकट्याने पाहिला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी आपल्या गावातच वारला. शाळेत असताना त्याने इमारतीच्या विटा एका नजरेत मोजून आकडा सांगितला, अशी त्याची ख्याती होती. म्हातारपणी त्याने कबूल केले की आकडा मनचाच होता. त्या पोरांनी आपल्याला चांगले म्हणावे एवढीच इच्छा होती. त्याचे वेगळेपण सगळ्या गावाला ठाऊक होते. २०१० च्या सुमारास दोन पत्रकार त्याच्यावर लिहायला आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना बजावले की याला दुखावलेत तर आम्हाला तुमचा पत्ता शोधता येतो. गावाला कळणे म्हणजे बदनामीच, असे काही नाही. पण ते गावावर अवलंबून असते, आणि डोनाल्डच्या घरी पैसा आणि पत होती हेही विसरू नये.

दुसरे नाव टेम्पल ग्रँडिन या बाईंचे. जन्म १९४७ चा, साडेतीन वर्षांपर्यंत बोलल्या नाहीत. माझ्यासारख्याच. गुरांना हाकलण्याच्या वाटेत स्वतः वाकून शिरायच्या आणि गुराच्या उंचीवरून काय दिसते ते पाहायच्या. जमिनीवर पडलेली सावली, लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, एवढ्यानेही जनावर अडते, आणि माणूस उगाच काठी घालतो. त्यांनी आखलेले गुरांचे वाडे आणि वाटा अमेरिकेत सगळीकडे वापरात आल्या. त्या पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. १९८६ साली आपण स्वमग्न आहोत हे त्यांनी पुस्तक लिहून सांगितले. पण कामाच्या ठिकाणी त्या आधी आपले नकाशे दाखवीत; माणसाची पारख मग होई. आपल्या बैलाने पुलावर पाय अडवला की चाबूक काढण्याआधी खाली वाकून पाहा, हे यातून शिकलेले मी आता मेळाव्यात सांगतो. कोणाकडून शिकलो ते सांगत नाही.

सांगितले त्यांना, न सांगितले त्यांना

मूळ प्रश्न तिथेच होता. कोणाला सांगायचे?

पहिला प्रश्न मुलीच्या सासरचा. मी सांगितले तर दोष पुरता आमच्या घराण्यावर, म्हणजे तिच्यावर येणार. न सांगितले तर मोबाइलचा ठपका तिच्यावर आहेच. मी गप्प राहणार होतो. तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर माहेरची बाजू घेते म्हणतील." गेलो. ओसरीवर बसलो आणि व्याह्यांच्या चपलांकडे पाहत सगळे सांगून टाकले. व्याही काही बोलले नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे हे तुमच्याकडूनच आलं." मी म्हटले, "हो. बहुतेक माझ्याकडूनच." थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मग हा पण तुमच्यासारखा शिकंल का? साहेब होईल का?" होईल म्हणालो असतो तर घर खूश झाले असते. पण मला खोटे जमत नाही. म्हणालो, "सांगता येत नाही. काहींना बोलणं येतं, काहींना येत नाही. शिकवत राहायचं." त्या दिवसापासून मोबाइलवरून मुलीला बोलणे थांबले. ताईत अजून दंडावर आहे. चुलत सासू अजून टोमणा मारते. जावई मात्र आता दर महिन्याला मुलाला घेऊन स्वतः शिकवणीला जातात.

कचेरीत मी एकाच जुन्या सहकाऱ्याला विश्वासाने सांगितले. आठवड्याने दुसऱ्या टेबलावरून प्रश्न आला, "साहेब, गोळ्या चालू आहेत का?" मी उत्तर दिले नाही. पेरलेले बी पोत्यात परत भरता येत नाही, हे त्या दिवशी समजले. वरिष्ठांना मात्र निदान सांगितले नाही. फक्त गरज सांगितली. सूचना तोंडी न देता लेखी द्या, आणि सभेत मला कर्ण्यापासून लांबची खुर्ची द्या. दोन्ही मिळाले. माझ्या अनुभवाने सांगतो, पुष्कळ वेळा नाव न सांगता गरज सांगून काम होते.

धाकट्या मुलाचे लग्न ठरायचे आहे. इथे आमच्या घरात दोन मते झाली. मी म्हटले, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते, मग सोयरिकीत लपवालपवी का? मंडळी म्हणाली, "माणूस म्हणजे बियाणं नव्हे. आणि पोराला तर काही नाही." तिचे म्हणणे मला आजही पुरते खोडता येत नाही. शेवटी मुलानेच सोडवले. तो म्हणाला, मुलीशी बोलायची वेळ येईल तेव्हा भाच्याचे आणि बाबांचे मी तिला सांगेन, मध्यस्थाने सांगू नये. एक स्थळ त्यानंतर परत गेले. कारण 'पत्रिका' सांगितले. दुसरीकडे बोलणे चालू आहे. लेखावर नाव का नाही, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर नाव दिले असते.

चुलत्यांकडेही गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. वडिलांच्या दिवशीचे सांगितले. त्यांना लाकडांची गोष्ट आठवतच नव्हती. मी अठरा वर्षे मनात वाहिलेले त्यांनी त्याच संध्याकाळी विसरून टाकलेले. चहा घेऊन परत आलो.

कायद्याचे थोडे सांगतो, कारण गावोगाव याची माहिती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. नोकरीत यावरून भेदभाव करू नये आणि वाजवी सोयी द्याव्यात, असे त्यात आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर आरक्षणासारखे लाभ मिळू शकतात. प्रमाणपत्र घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी घेतलेले नाही, नातवाचे काढले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च बसतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला कायदेशीर पालक लागला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. लहान मुलाविषयी शंका आली तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, आणि "मुलगा आहे, उशिराच बोलतो" म्हणून दोन वर्षे घालवू नका, आम्ही घालवली. मोठ्या माणसाने जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करावी. तेही अवघड वाटले तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन लावावा. तो २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

मात्र हा लेख वाचून शेजारच्या अबोल माणसाला कोणी नाव ठेवू नये. कमी बोलणारा प्रत्येक जण स्वमग्न नसतो. कोणाला कमी ऐकू येते, कोणाला कर्जाची चिंता असते, कोणी नुसताच कमी बोलतो.

या दिवाळीला नातू आमच्याकडे राहिला होता. फटाक्यांच्या दिवशी त्याला घेऊन मी सकाळीच शेतात गेलो आणि रात्री आखाड्यावरच मुक्काम केला. दोघांनाही ते बरे पडले. हळद डोक्याइतकी वाढली आहे. तो प्रत्येक गादीवाफ्याच्या तोंडाशी थांबतो, पानाला हात लावतो आणि म्हणतो, "एक." पुढच्या वाफ्यावर पुन्हा "एक." तिसऱ्यावरही "एक." असे आम्ही शेवटपर्यंत गेलो. बेचाळीस वाफे भरले. मी मागून मोजीत होतो.